ख्रिस्ती विश्वासातून दुसऱ्यांबद्दल करुणा शिकता येते का?

येते, पण नुसत्या प्रवचनांनी नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती नन्सकडे, राहत होत्या. तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात नेलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांची सिस्टर्स तिथे मायेने सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. हे का करता, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

त्यात भर दुपारी, थकलेला येशू विहिरीपाशी बसून एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. येशू यहुदी होता, आणि यहुदी लोक शोमरोन प्रांतातल्या या लोकांशी संबंधच ठेवत नसत. तिच्या हातचं पाणी मागणं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको! मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, की तो आधी देत नाही, मागतो. दया दाखवणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंडच तिथे मोडते.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली, विधवा आणल्या आणि पुण्याजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं कामही बायकाच करायच्या.

सुरुवात करायची तर तो चौथा अध्याय वाचा. दहा मिनिटं पुरतात.