कंडक्टर फुकट्यांना का सोडतो? एका माजी कंडक्टरचं उत्तर

तुम्ही विचारलंय की सिटी बसमध्ये रोज दोन-चार जण विनातिकीट जाताना दिसतात, कंडक्टर काणाडोळा करतो, चेकर महिनोन्‌महिने फिरकत नाही, मग इमानदारीत तिकीट काढणारे आम्ही मूर्ख का?

मूर्ख नाही. पण ‘कंडक्टर काणाडोळा करतो’ हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. एकोणीस वर्षं मी कंडक्टर होते. सगळी वर्षं सिटी बसवर, त्यातली बहुतेक कागदी तिकिटांच्या ट्रेवर. काणाडोळा मीही केलाय. का केला ते सांगते, तुम्हाला पटेल न पटेल.

गर्दीच्या वेळी बसायच्या जागांच्या दुप्पट माणसं आत असतात. पुढची स्टेज, म्हणजे भाड्याचा पुढचा टप्पा, यायच्या आत मागच्या स्टेजची तिकिटं फाडून, नंबर वेबिलवर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, टाकून मोकळं व्हायचं असतं. त्यात एखादा म्हणतो, ‘पुढे काढलं.’ पुढे कोण काढणार? पुढे ड्रायव्हर आहे. त्या फुकट्याशी हुज्जत घातली की बस थांबवावी लागते, आणि बस थांबली की सगळी बस माझ्यावर उलटते. फुकट्यावर नाही, माझ्यावर. ‘अहो बाई, जाऊ द्या ना, आम्हाला उशीर होतोय.’ हे म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिकीट असायचं, म्हणजे बहुधा तुमच्यासारखेच लोक. फेरी उशिरा पोचली की डेपोत जाब मला विचारणार, त्या माणसाला नाही. अशा पाच-सहा वेळा झाल्या की डबल बेल, म्हणजे ड्रायव्हरला निघायची खूण, द्यायला हात आपोआप शिकतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १७८. पहिल्या पोटकलमात विनातिकीट प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड. त्याच्याच खाली दुसऱ्या पोटकलमात तिकीट न देणाऱ्या कंडक्टरला ५०० रुपयांपर्यंत दंड. दोघं एकाच कलमात, एकाच रकमेवर. फरक इतकाच की प्रवाशाचं प्रकरण दंड भरला की संपतं आणि कंडक्टरचं तिथून सुरू होतं. मेमो, चार्जशीट, खातेनिहाय चौकशी. चेकर बसमध्ये चढतो तेव्हा तो फुकट्या शोधायला आलाय असं तुम्हाला वाटतं. तो आधी माझं वेबिल मागतो, मग बॅगेतले पैसे मोजतो. पैसे कमी निघाले तर चोरी, जास्त निघाले तर त्याहून मोठी चोरी, कारण जास्तीचे पैसे म्हणजे तिकीट न देता घेतलेले. ड्युटीवर जाताना स्वतःच्या पाकिटात किती आहेत तेही लिहून द्यायचं. प्रवाशाला कुणी असं विचारल्याचं मी तरी पाहिलं नाही.

दिल्लीतलं पाच पैशांचं प्रकरण बऱ्याच जणांनी वाचलं असेल. १९७३ साली एका कंडक्टरवर ठपका आला की बाईकडून पंधरा पैसे घेतले आणि तिकीट दहाचं दिलं. नोकरी गेली, आणि खटला चाळीस वर्षांहून जास्त चालला. ती बाई पुढच्या स्टॉपवर उतरून घरी गेली असेल.

माझं प्रकरण एवढं मोठं नाही, पण ते माझं आहे.

नोकरीचं अकरावं वर्ष. सकाळची दुसरी फेरी, खच्चून गर्दी. पुढच्या दाराने, म्हणजे उतरायच्या दाराने, आमचे भाऊजी चढले. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, हपिसात हेडक्लार्क. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळवली आणि मी जवळ गेले तर हात वर करून म्हणाले, ‘आहे हो मी.’ म्हणजे काय, तर घरचीच बस आहे. चार माणसं बघायला लागली. ज्यांच्यासमोर घरात कधी आवाज चढवला नाही, त्यांना भर बसमध्ये ‘पैसे काढा’ म्हणायला माझी जीभ उचलेना. चूक माझी. मी तिकीट फाडलं, पंच केलं, त्यांच्या हातात दिलं आणि मनाशी म्हटलं, फेरी संपल्यावर पाकिटातले पैसे बॅगेत टाकू.

भाऊजींनी त्या तिकिटाची सुरळी केली, तिने कान कोरला आणि सुरळी खिडकीतून बाहेर टाकली.

दोन स्टॉप पुढे चेकिंग. दोघं पुढून, एक मागून. भाऊजींना तिकीट विचारलं तर भाऊजी हसून म्हणाले, ‘मी यांचा दीर.’ त्यांना वाटलं हे सांगितलं की सुटलो. चेकरने पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, ‘दिलं होतं वाटतं काहीतरी. पण पैसे काही मागितले नाहीत हो त्यांनी.’ हे वाक्य जसंच्या तसं रिपोर्टमध्ये उतरलं, मला अजून पाठ आहे. खोटं काहीच बोलले नव्हते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मग बॅग मोजली, बरोब्बर एका तिकिटाचे पैसे कमी. दंड भरा म्हटल्यावर भाऊजींनी घड्याळ दाखवलं, हपिसला उशीर होतोय म्हणाले, आणि पुढच्या स्टॉपवर उतरले. कुणी अडवलं नाही. चेकरला तरी कशाला अडवायचं होतं? त्याला हवी ती केस मिळाली होती.

माझ्यावर दोन आरोप. नातेवाइकाला विनातिकीट प्रवास करू दिला आणि रोकड कमी. मी चौकशीत म्हटलं, ट्रेमधले नंबर बघा, तिकीट फाडलेलं आहे, त्या माणसालाच बोलवून विचारा. युनियनचे साहेब बाजूला घेऊन म्हणाले, ‘ताई, त्याचा उपयोग नाही.’ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच हरियाणातल्या एका कंडक्टरच्या खटल्यात सांगून ठेवलंय की बसमधल्या प्रवाशांचे जबाब नोंदवले नाहीत एवढ्यावरून खातेनिहाय चौकशी बाद होत नाही. एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. सहीसाठी कागद पुढे सरकवणारा क्लार्क मला धीर द्यायला म्हणाला, ‘स्वस्तात सुटलात.’

घरी सांगितलं तर भाऊजी म्हणाले, ‘एका तिकिटाचा एवढा बाऊ? मी चढलो नसतो तरी बस धावणारच होती ना!’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर या वाक्यात अडकलंय. हे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी घरी येऊन मनातल्या मनात भाऊजींशी भांडलेय. बस धावणारच होती, बरोबर. आज. पुढच्या वर्षी धावेल का, हे कुठून ठरतं? किलोमीटरमागे उत्पन्न किती, फेरीला माणसं किती, यावरून. आणि माणसं मोजतात कशावरून? तिकिटांवरून. बसमध्ये बसून डोकी मोजायला कुणी येत नाही. तुम्ही चाळीस जण बसलात आणि तिकिटं पंचवीस फाटली तर कागदावर पंचवीसच माणसं होती. फुकट्याने पैसे बुडवले ते एक झालं, पण तो त्या बसमध्ये नव्हताच असंही त्याने स्वतःच लिहून दिलं. दिल्लीत २०१९ च्या ऑक्टोबरात बायकांना बस मोफत झाली, तेव्हाही हातात गुलाबी तिकीट देत होते. पैसे घ्यायचे नसताना तिकीट कशाला? मोजायला. सरकारकडून भरपाई त्या मोजणीवर मागायची असते.

भाऊजींच्या कॉलनीची रात्री साडेनवाची फेरी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद झाली. प्रतिसाद भरपूर होता. रात्री दमलेला कंडक्टर मागे बसून हिशेब लावायचा आणि कॉलनीवाले पुढून चढून पुढून उतरायचे. मग सह्यांचा अर्ज घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण होतं ते सांगायला नको.

दंड वाढवा, गेट लावा, परदेशात बघा, असंही भाऊजी म्हणतात. बघितलं. बर्लिनच्या मेट्रोला गेटच नाहीत, सरळ चालत आत जायचं. अचानक तपासणी होते, सापडलात तर २०१५ पासून साठ युरो. शिवाय तिथे हा फौजदारी गुन्हा आहे, १९३५ सालापासून, एक वर्षापर्यंत कैद. प्रत्यक्षात आत कोण जातं? ज्याच्याकडे कोर्टाचा दंड भरायला पैसे नाहीत तो. साठ युरो ज्याच्या खिशात आहेत तो भरतो आणि पुढच्या गाडीत बसतो. स्टॉकहोममध्ये तर २००१ सालापासून फुकट्यांचा फंड आहे. दर महिना वर्गणी भरायची, पकडलं गेलं की दंड फंड भरणार. चक्क विमा.

हिशेब साधा आहे. दंड तिकिटाच्या पन्नास पट आणि तपासणी शंभर फेऱ्यांत एकदा, तर फुकट्याला प्रवास निम्म्या किमतीत पडतो. दंड दुप्पट केला तर बरोबरी होते, पण तोवर वसूल करताना मारामारी होते. तपासणी दुप्पट केली तरी तोच परिणाम, आणि भांडण कमी. पण तपासणीला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो, आणि जी माणसं आहेत ती कंडक्टरची बॅग मोजण्यात गुंतलेली. मला विचाराल तर चेकरला सांगावं, आधी प्रवाशांची तिकिटं बघा, बॅग डेपोत मोजा. एवढ्याने निम्मा काणाडोळा थांबेल. चेकर आला की आपलीच मान अडकणार हे माहीत असलेला माणूस फुकट्या दाखवून देत नाही, तो लपवतो. मीही लपवलेत. चेकिंग दिसलं की घाईघाईने तिकिटं फाडून लोकांच्या हातात कोंबलीत.

आता राहिलेलं. पैसे खाणारे कंडक्टर असतात, मी पाहिलेत, एकाबरोबर तीन महिने एकाच रूटवर काढलेत. निम्मे पैसे घेऊन तिकीट न देणं हा त्यांचा धंदा, आणि त्यांच्यापायी बॅग मोजायची पद्धत आली हे मान्य. आता मशिन आहेत, मोबाइलवर पैसे जातात, त्यामुळे मी सांगतेय त्यातलं थोडं जुनंही झालं असेल. आणि ज्याच्याकडे खरंच नाहीत त्याला मी कधी उतरवलं नाही, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तुम्ही तिकीट काढत राहा आणि उतरेपर्यंत हातात ठेवा, कान दुसऱ्या कशानेही कोरता येतो. पुढच्या वेळी कंडक्टर कुणाशी हुज्जत घालत असेल तर ‘जाऊ द्या’ म्हणू नका. ‘काढा की तिकीट’ म्हणा. कंडक्टरच्या शंभर शब्दांपेक्षा शेजारच्या प्रवाशाचा एक शब्द लागतो, हे मी एकोणीस वर्षं बघितलंय.

भाऊजी आता रिटायर झालेत, पासवर फिरतात. मागच्या महिन्यात घरी आले होते, फुकट्यांचा विषय निघाला, मी नेहमीसारखी तापले. तेव्हा म्हणाले, ‘किती होते गं ते पैसे? देऊनच टाकतो.’ मी आकडा सांगितला. खिसे चाचपले आणि म्हणाले, सुट्टे नाहीत.