लिस्टमधला एक आकडा सुटतो कुठे?

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना लिस्टपाशी (क्रमाने ठेवलेल्या किमतींच्या यादीपाशी) अडलेल्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या आणि आकडे रोमन अक्षरांतच टाइप करायचे. 'गुण', 'शहरे' अशी व्हेरिएबलची (किमतींना आपण दिलेली) नावे मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत लिहिली तरी चालतात.

प्रश्न : गुणांच्या लिस्टमधून ३५ पेक्षा कमी असलेले आकडे काढायचे आहेत. फॉर लूप फिरवून (एकेक आकडा क्रमाने घेऊन) कमी गुण दिसले की रिमूव्ह आज्ञेने काढतो. कधी सगळे निघतात, कधी एखादा मागे राहतो. एररही येत नाही.

मागे राहतो तो लागोपाठ आलेल्या दोन कमी गुणांतला दुसरा. वहीत मांडून बघा:

गुण = [६२, २०, १५, ७०]

फॉर लूप आतल्या आत फक्त क्रमांक लक्षात ठेवतो : ०, १, २… क्रमांक ० वर ६२ आहेत, ते राहिले. क्रमांक १ वर २०, ते काढले. काढल्याबरोबर त्यांच्या मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले आणि लिस्ट झाली [६२, १५, ७०]. आता १५ आले क्रमांक १ वर, पण लूप निघाला क्रमांक २ कडे. तिथे ७०. लूप संपला, १५ कडे कोणी पाहिलेच नाही.

कमी गुण एकमेकांना लागून नसतील तेव्हाही लूप पुढचा आकडा न तपासताच ओलांडतो. तो नेमका पास झालेल्याचा असल्यामुळे उत्तर बरोबर येते, एवढेच. म्हणून ही चूक आम्हाला सर्वांत घातक वाटते : चारपाच आकड्यांच्या चाचणीत ती सहज लपते.

सरळ उपाय म्हणजे हवे तेवढे वेचून नवी लिस्ट करणे :

पास = [ग फॉर ग इन गुण इफ ग >= ३५]

तीच लिस्ट बदलणे भाग असेल (प्रोग्रॅमचा दुसरा भाग तिच्याकडे बघत असेल), तर डाव्या बाजूला पासऐवजी गुण[:] लिहा. आतला मजकूर बदलतो, लिस्ट तीच राहते. तिसरा मार्ग शेवटाकडून सुरुवातीकडे येण्याचा : रेंज(लेन(गुण) - १, -१, -१) वर क चा लूप आणि आत, गुण[क] कमी असतील तर, डेल गुण[क]. उलटे येताना जे सरकतात ते आधीच तपासून झालेले असतात, त्यामुळे काही सुटत नाही.

रिमूव्हबद्दल आणखी एक. ती क्रमांक बघत नाही, किंमत बघते, आणि सुरुवातीपासून शोधत पहिली सापडेल ती काढते. पाचव्या जागेवरचे २० काढायचे असतील आणि दुसऱ्या जागीही २० असतील, तर दुसऱ्या जागेवरचे जातील. जागा ठाऊक असेल तर डेल किंवा पॉप वापरा.

प्रश्न : फुल्लीगोळ्यासाठी फळा = [[' '] * ३] * ३ असा तक्ता केला. एका घरात फुल्ली टाकली की तो सगळा स्तंभ फुल्ल्यांनी भरतो. असे का?

कारण तुमच्याकडे तीन ओळी नाहीतच. ओळ एकच आहे आणि तिच्याकडे तीन जागांवरून बोट दाखवले आहे. खात्री करायची तर फळा[०] इज फळा[१] हे छापून बघा, ट्रू येईल. बाहेरच्या * ३ ने ओळीची प्रत निघत नाही. प्रत्येक ओळ वेगळी हवी तर ती दर वेळी नव्याने बनली पाहिजे :

फळा = [[' '] * ३ फॉर क इन रेंज(३)]

आतला * ३ चालतो, कारण स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) जागेवर बदलताच येत नाही. घरात नवी किंमत ठेवली की फक्त तेवढे घर बदलते.

जुने = गुण लिहून 'प्रत काढली' असे समजणाऱ्यांचीही गल्लत हीच. बरोबरच्या चिन्हाने त्याच लिस्टला दुसरे नाव मिळते. साध्या लिस्टची प्रत गुण.कॉपी() ने निघते. लिस्टच्या आत लिस्ट असेल तर ही प्रत वरच्या थरापुरतीच असते. तिथे कॉपी मॉड्यूलमधले डीपकॉपी लागते.

प्रश्न : गुण = गुण.सॉर्ट() लिहिले की गुणांच्या जागी नन (None, म्हणजे 'काहीच नाही') येते. आणि इनपुटने घेतलेले आकडे सॉर्ट केले की क्रम १००, ४५, ९ असा लागतो.

सॉर्ट आहे तीच लिस्ट जागेवर लावते आणि परत नन देते. नुसते गुण.सॉर्ट() लिहा, किंवा मूळ क्रम जपायचा असेल तर सॉर्टेड(गुण). अपेंड, एक्स्टेंड, रिव्हर्स यांचेही असेच.

दुसरे, इनपुट नेहमी स्ट्रिंग देते. स्ट्रिंगचा क्रम पहिल्या अक्षरापासून लागतो, आणि १ हे ४ च्या व ९ च्या आधी येते. लिस्टमध्ये टाकतानाच इंट() लावून त्यांचे पूर्णांक करा. वापरणाऱ्याने देवनागरीत '४५' टाइप केले तरी इंट ते ओळखते.

प्रश्न : शहरांच्या लिस्टमध्ये 'पुणे' घालायला एक्स्टेंड वापरले, तर शेवटी सुट्या मात्रा दिसू लागल्या.

एक्स्टेंड मिळालेली गोष्ट उलगडून तिचा एकेक घटक आत टाकते. 'पुणे' उलगडले की प, उकार, ण, एकार असे चार घटक होतात, 'मुंबई'चे पाच. शहरे += 'पुणे' हेही तेच करते. एक शहर घालायचे तर अपेंड('पुणे'); अनेक असतील तर एक्स्टेंड(['नाशिक', 'मिरज']). अपेंडला पूर्ण लिस्ट दिलीत तर ती एकच घटक म्हणून आत बसते.

शहरे हाताने लिहिताना स्वल्पविरामही सांभाळा. ['पुणे' 'नाशिक', 'मिरज'] यात एक स्वल्पविराम राहिला आहे, आणि पायथॉन तक्रार न करता पहिली दोन नावे जोडून 'पुणेनाशिक' करतो. लेन(शहरे) छापा : तीनऐवजी दोन आले की तो कुठे राहिला ते शोधा.