दहा परार्ध नॅनोमीटर

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: "मुलीच्या गणितात १ गिगामीटरचे नॅनोमीटर करायचे होते. उत्तर आलं १ वर १८ शून्यं. ती विचारते, ही संख्या मराठीत वाचायची कशी? शिवाय मिलिमीटरचं 'मिमी' होतं, तर मेगामीटरचं काय लिहायचं? आणि रबाळ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे मायक्रॉन म्हणतात, तिच्या पुस्तकात मायक्रोमीटर आहे. बरोबर कोणतं?"

१ वर १८ शून्यं म्हणजे दहा परार्ध.

एकं, दहं, शतं ही आकडेमोड आपण शाळेत अब्जापर्यंत नेतो आणि तिथेच सोडतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ती बरीच पुढे जाते: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा नावं, प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट. इथे एक घसरण्याची जागा आहे. परार्ध हे अठरावं नाव असलं तरी त्यावर शून्यं सतराच, कारण पहिल्या नावाला, म्हणजे 'एक'ला, शून्य नाही. त्यामुळे अठरा शून्यं झाली की परार्ध संपून आपण एक घर पुढे आलेलो असतो. म्हणून दहा परार्ध.

मुलीला हे पटवायचं असेल तर संख्या आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहायला सांगा: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. १०,००,००,००,००,००,००,००,००० असं होतं. डावीकडे सुटं '१०' उरतं, तेच ते 'दहा'. आता तीच संख्या तीन-तीनच्या गटांत लिहा: १,०००,०००,०००,०००,०००,०००. एकावर तीन शून्यांचे सहा गट. किलोपासून पुढचे मेट्रिक उपसर्ग (एककाच्या आधी लागणारे किलो, मेगा, गिगा) हजारा-हजाराने चढतात, म्हणून त्यांच्याशी गाठ घालायची तर तीनचे गट सोयीचे; वाचायला मात्र आपली पद्धत. दोन्ही एकाच ओळीत मिसळल्या की शून्यं मोजताना चूक झालीच म्हणून समजा.

या यादीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की दर तिसरं नाव एका मेट्रिक उपसर्गावर नेमकं बसतं. किलो म्हणजे सहस्र, मेगा म्हणजे प्रयुत (आजच्या बोलण्यात दशलक्ष), गिगा म्हणजे अब्ज, टेरा म्हणजे महापद्म, पेटा म्हणजे अंत्य. त्यापुढचा एक्सा, म्हणजे १८ शून्यं, मात्र यादीबाहेर पडतो. मराठीत मोठ्या संख्यांना शब्द नाहीत असं सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. शब्द आहेत, वापर सुटला आहे. अर्थसंकल्पाच्या बातमीत 'लाख कोटी' वाचतो तो शब्दशः महापद्म आहे: लाखाची पाच शून्यं आणि कोटीची सात, मिळून बारा.

दोन गोंधळ मात्र टाळा. हिंदीतलं 'खरब' आणि मराठीतलं 'खर्व' एक नव्हेत. हिंदी खरब म्हणजे शंभर अब्ज, त्यावर ११ शून्यं; मराठी खर्व म्हणजे दहा अब्ज, त्यावर १०. हिंदी मजकुरावरून मराठी करताना 'खरब'च्या जागी 'खर्व' टाकलं की आकडा दसपट घटतो. तिथे 'निखर्व' हवं. दुसरा गोंधळ कानाचा आहे. 'टेरा' ऐकून मराठी मनात 'तेरा' येतं आणि मुलं तेरा शून्यं देतात. टेरावर बाराच.

लहान मापांकडे वळलं की मराठीचं काम आणखी सोपं होतं, कारण कोणत्याही संख्येला 'अंश' लावला की तिचा भाग तयार. सेंटि म्हणजे शतांश, मिलि म्हणजे सहस्रांश, मायक्रो म्हणजे दशलक्षांश, नॅनो म्हणजे अब्जांश. पिकोसाठी याच नियमाने महापद्मांश होईल. वापरात नाही, पण चुकीचा नाही. वाक्यात 'नॅनोमीटर मीटरपेक्षा अब्ज पटीने लहान' असं लिहिण्यापेक्षा 'मीटरचा अब्जावा भाग' लिहावं. मराठीत 'अमुक पटीने' म्हटलं की कान वाढ ऐकतो. घटीसाठी भाग, हिस्सा, अंश हे शब्द हाताशी आहेतच.

ही नावं वाचण्यासाठी आहेत, रूपांतर करण्यासाठी नाहीत. 'अब्जाचे अब्जांश' असं तोंडी करायला गेलं की माणूस हरवतो. हिशोब घातांकांवर करावा आणि उत्तर आल्यावर नाव द्यावं. प्रत्येक उपसर्गाचा घातांक लिहा: गिगा ९, मेगा ६, किलो ३, मीटर ०, मिलि उणे ३, मायक्रो उणे ६, नॅनो उणे ९, पिको उणे १२. मग ज्यातून जायचं त्याच्या घातांकातून ज्यात जायचं त्याचा घातांक वजा करा. गिगामधून नॅनोमध्ये: ९ वजा (उणे ९), म्हणजे १८. उलट नॅनोमधून गिगामध्ये: उणे ९ वजा ९, म्हणजे उणे १८. सर्वाधिक चुका या कंसात होतात. उणे वजा केलं की अधिक होतं हे विसरून ९ वजा ९ केलं की उत्तर शून्य येतं आणि गिगामीटर व नॅनोमीटर सारखेच ठरतात. असं उत्तर आलं की एवढंच विचारायचं: लहान एककात मोजलं तर आकडा मोठा यायला हवा, आला का?

वाचनाचंही सांगतो. १० हा पाया, १८ हा घातांक, आणि पूर्ण संख्या म्हणजे घात. म्हणून 'दहाचा अठरावा घात' किंवा 'दहाचा घातांक अठरा' म्हणावं. 'दहाचा अठरावा घातांक' हे चूक.

जवळची उदाहरणं घेऊ. १६ एप्रिल १८५३ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, अंतर ३४ किमी. नॅनोमीटरमध्ये: ३ वजा (उणे ९) बरोबर १२, म्हणजे ३४ महापद्म नॅनोमीटर. शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणारा अटल सेतू २१.८ किमी आहे. मायक्रोमीटरमध्ये घातांक ३ वजा (उणे ६), म्हणजे ९, २१.८ अब्ज, वाचताना २१ अब्ज ८० कोटी मायक्रोमीटर. पृथ्वीपासून सूर्य सरासरी १४९.६ गिगामीटर आहे. त्याचे मिलिमीटर केले की घातांक १२ येतो, १४९.६ महापद्म. महापद्मानंतर शंकू आणि मग जलधी, म्हणजे जलधी महापद्माच्या शंभरपट. तेव्हा सूर्य आपल्यापासून जवळपास दीड जलधी मिलिमीटर अंतरावर. जलधी म्हणजे समुद्र. शब्द इथे शोभतो.

शाळेतली एक सवय इथे आड येते. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसि, सेंटि, मिलि ही शिडी मुलांना तोंडपाठ असते आणि तिची प्रत्येक पायरी दहाची असते. मिलिच्या खाली उतरताना मुलं तीच चाल ठेवतात आणि १ मिमी म्हणजे १० मायक्रोमीटर लिहून मोकळी होतात. मिलिच्या खाली आणि किलोच्या वर पायरी हजाराची आहे: १ मिमी म्हणजे १,००० मायक्रोमीटर, १ मेगामीटर म्हणजे १,००० किमी. घरी शिडीचं चित्र काढत असाल तर या दोन टोकांपलीकडच्या पायऱ्या मुद्दाम उंच काढा.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. ईएक्सपी लिहिलेलं बटण 'गुणिले दहाचा अमुक घात' एवढं सगळं स्वतःच म्हणतं. दहाचा नववा घात हवा तर १, ईएक्सपी, ९ दाबायचं. बरीच मुलं १०, ईएक्सपी, ९ दाबतात आणि उत्तर दसपट येतं. सगळी उत्तरं नेमकी दसपट येत असतील तर चूक बहुधा इथेच सापडते.

उपसर्गांच्या व्युत्पत्तीचाही आठवण ठेवायला उपयोग होतो. १७९५मध्ये फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत आली तेव्हा संकेत ठरला: मोठ्या मापांना ग्रीक शब्द (डेका, हेक्टो, किलो), लहानांना लॅटिन (डेसि, सेंटि, मिलि). म्हणून डेका आणि डेसि दोन्ही 'दहा'च, पण एक दसपट आणि दुसरा दशांश. पेटा आणि एक्सा १९७५मध्ये आले, ग्रीक पाच (पेंटा) आणि सहा (हेक्सा) यांतलं एकेक अक्षर गाळून. हजाराचा पाचवा आणि सहावा घात. फेम्टो आणि ॲटो डॅनिश-नॉर्वेजियन भाषांतल्या पंधरा आणि अठरा या शब्दांवरून, आणि त्यांचे घातांक उणे १५ आणि उणे १८. अगदी अलीकडे, २०२२मध्ये, रॉना आणि क्वेटा, तसंच रॉन्टो आणि क्वेक्टो हे चार नवे मंजूर झाले.

आता 'मिमी'. किमी, सेमी, मिमी ही लघुरूपं मराठीत पक्की झाली आहेत, ती बिनदिक्कत वापरावीत. मेगामीटरचं 'मेमी' मात्र करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हाताने लिहिताना एका मात्रेचा फरक, आणि मापात फरक अब्जपटीचा. रोमन चिन्हांतही हीच गत आहे: लहान एम म्हणजे मिलि, मोठा एम म्हणजे मेगा, लहान पी पिको, मोठा पी पेटा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे तो भेद दाखवायची सोयच नाही. मेगामीटर, गिगामीटर, नॅनोमीटर, पिकोमीटर पूर्ण लिहावेत. तसे ते फार वेळा येतही नाहीत. 'मि.मी.' असे टिंब देण्याचीही गरज नाही. एककाचं चिन्ह हा संक्षेप नसतो, म्हणून त्याला पूर्णविराम लागत नाही.

शेवटी मायक्रॉन. मायक्रॉन आणि मायक्रोमीटर एकच माप: मीटरचा दशलक्षांश, मिमीचा हजारावा भाग. आंतरराष्ट्रीय पद्धतीतून 'मायक्रॉन' हे नाव १९६७च्या परिषदेत काढून टाकलं गेलं, त्यामुळे पुस्तक बरोबर आहे. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ते टिकलं आहे आणि त्यामागे भाषेचं सबळ कारण आहे. वर्कशॉपमध्ये 'मायक्रोमीटर' म्हणजे हातात धरायचं यंत्र, ज्याला शाळेत सूक्ष्ममापी म्हणतात. इंग्रजीत यंत्र आणि माप यांचं स्पेलिंग वेगळं करता येतं आणि उच्चारही. देवनागरीत दोन्ही 'मायक्रोमीटर'च. 'दोन मायक्रोमीटर कमी आहेत' या वाक्याचा अर्थ स्टोअरमधला माणूस एक घेईल आणि लेथवरचा दुसरा. तिथे 'मायक्रॉन' हा शब्द खरंच काम करतो.

त्या यंत्रावरच माप समजावून सांगता येईल. नेहमीच्या मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर ५० घरं असतात आणि एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू अर्धा मिमी सरकतो. म्हणजे एक घर ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रॉन. ड्रॉइंगवर २५ मायक्रॉनची सूट (मापात चालणारा फरक) असेल तर ती अडीच घरं. 'पाव घर' असं बोलणाऱ्याला विचारून घ्यावं, कारण एका घराचा पाव म्हणजे फक्त अडीच मायक्रॉन. याच टेबलावर इंचातली जुनी मापंही फिरत असतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, म्हणजे ३,१७५ मायक्रॉन. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. थाउ तोंडी हिशोबात २५ धरतात. दहा थाउंवर चूक ४ मायक्रॉन होते, आणि बेअरिंगच्या फिटिंगमध्ये तेवढी महाग पडते. प्लॅस्टिकच्या दुकानातलं गेज याच घराण्यातलं: १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन.

रोजच्या व्यवहारातही मायक्रॉन रुळला आहे. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२पासून कॅरी बॅगची जाडी १२० मायक्रॉनपेक्षा कमी चालत नाही. त्या पिशवीला 'एकशेवीस मायक्रोमीटरची पिशवी' कोणी म्हणणार नाही, आणि म्हणावं असा माझा आग्रहही नाही. मुलीच्या उत्तरपत्रिकेत मायक्रोमीटर लिहू द्या, वर्कशॉपमध्ये मायक्रॉन म्हणा. ड्रॉइंग किंवा चाचणी-अहवाल लेखी द्यायचा असेल तर मापासाठी मायक्रोमीटर लिहून यंत्राला सूक्ष्ममापी म्हणा, म्हणजे एकाच कागदावर एकाच शब्दाचे दोन अर्थ येणार नाहीत.