गणपतीची आरास आणि लायटिंगच्या माळा पुढच्या वर्षापर्यंत कमी खर्चात कशा ठेवायच्या?

नवीन डबे घेऊच नका, किराणा दुकानातले रिकामे खोके नि घरातली जुनी सुती साडी एवढ्यावर काम होतंय बघा. आमच्याकडं दरवर्षी हेच. माळा पुठ्ठ्याला गुंडाळायच्या म्हणजे गुंता होत नाही, आणि झालरी-पडदे कडक ऊन पडल्यावर दोन दिवस वाळवून मगच घडी घालायची कारण बेळगावात गणपती उठले तरी पाऊस पुरता गेलेला नसतो, ओल राहिली की बुरशी धरतेच. खोका जमिनीवर नको, माळ्यावर टाका. सेलवरच्या दिव्यातले सेल काढा, गळतात. फक्त जुनं थर्माकोलचं मखर असेल तर त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, थर्माकोल विरघळतंय त्यानं, कडुलिंबाचा वाळलेला पाला चालतो.