श्रद्धाळू म्हणजे भोळी नव्हे

एका ताईंनी आईवर स्मरणलेख लिहायला घेतला आणि त्यात वाक्य लिहिलं: 'आई श्रद्धाळू आणि दयाळू होती.' धाकट्या भावानं 'श्रद्धाळू' खोडून तिथे 'श्रद्धावान' घातलं. त्याचं म्हणणं, श्रद्धाळू म्हणजे भोळी, कुणीही फसवावी अशी. नातवंडांना आजीसाठी 'दानशूर' हा शब्द हवा आहे. ताई पुढे लिहितात की शेवटच्या काही वर्षांत आईच्या हातात देण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी घरी कुणी आलं की 'यांना काही दिलंत का?' हे ती विचारायचीच. मग नेमका शब्द कोणता?

श्रद्धाळू. खोडलेलं परत लिहा.

'श्रद्धाळू म्हणजे भोळसट' हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता संताप येतो. झोपाळू, विसराळू, लाजाळू या शब्दांच्या रांगेत उभं करून 'आळू म्हणजे काहीतरी कमतरता' असा नियम कुणीतरी काढला आणि तो शहाणपणा म्हणून पसरला. मग मायाळू आणि कनवाळू यांचं काय करायचं? त्यात कुठली कमतरता? 'अंधश्रद्धाळू' हा शब्द फार वापरला गेला आणि त्याचा डाग मूळ शब्दाला लागला, एवढंच खरं. डोळस माणसाला आंधळ्याच्या नावानं हाक मारण्यासारखं आहे ते.

हा प्रत्यय पाणिनीच्या एका सूत्रातून येतो: 'स्पृहिगृहिपतिदयिनिद्रातन्द्राश्रद्धाभ्य आलुच्' (३.२.१५८). सात धातू दिले आहेत. त्यात 'दय्' आहे आणि 'श्रद्धा'ही आहे, म्हणजे दयाळू आणि श्रद्धाळू हे एकाच सूत्राच्या पोटचे शब्द. निद्राळूही त्याच सूत्रातला, म्हणून भावाची गफलत समजू शकते. पण हा प्रत्यय लागतो तो तीन अर्थांनी: एखादी गोष्ट करणं ज्याचा स्वभावच आहे तो, ती आपलं कर्तव्य मानून करणारा तो, आणि ती उत्तम प्रकारे करणारा तो. 'श्रद्धावान'मधला 'वान' फक्त 'जवळ आहे' एवढंच सांगतो, धनवान म्हणतो तसा. श्रद्धा जवळ असणं वेगळं आणि श्रद्धा हा स्वभाव असणं वेगळं. (शिवाय बाईसाठी 'श्रद्धावान' नाही, 'श्रद्धावती'. दुरुस्ती करणाऱ्यानं निदान तेवढं तरी पाहायचं.)

श्रद्धा म्हणजे विश्वास, निष्ठा हे कोणत्याही कोशात मिळेल, त्यात मी शिरत नाही. मला सांगायचं आहे ते अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातलं. तिथे मनुष्यवर्गात स्त्रियांच्या अवस्थांची नावं येतात आणि त्यात एक नाव येतं: 'श्रद्धालुर्दोहदवती'. दोहदवती म्हणजे डोहाळे लागलेली गर्भवती. तिला संस्कृतात 'श्रद्धालु' म्हणत! कारण त्याच कोशात श्रद्धेचा दुसरा अर्थ 'स्पृहा' दिला आहे, म्हणजे ओढ, आतून उठणारी इच्छा. ज्या शब्दाला भाऊ भोळेपणाचा शिक्का मारतो आहे, तो एकेकाळी थेट आई होऊ घातलेल्या बाईचं नाव होता.

आणि खरी गंमत 'दोहद'मध्ये आहे. आपला 'डोहाळे' यातूनच आला, प्राकृतातल्या 'दोहळ'मार्गे. सुश्रुतसंहिता सांगते की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आता त्या बाईत दोन हृदयं असतात, म्हणून ती 'दौहृदिनी'. डोहाळे म्हणजे दोन हृदयांचं मागणं! काही पंडित हे मानत नाहीत. त्यांच्या मते मूळ शब्द 'दौर्हृद', म्हणजे जिवाची घालमेल, मळमळ. मला हे पटत नाही. मळमळ सगळ्यांनाच दिसते, पण भाषेनं नाव ठेवलं ते मागण्याला. मळमळीतून 'सत्तेचे डोहाळे' हा प्रयोग कसा निघाला असता?

हृदयाचा विषय निघालाच आहे तर 'श्रद्धा'कडे येतो. श्रत् + धा. निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत 'श्रत्' हे सत्याच्या नावांमध्ये दिलं आहे, त्यामुळे परंपरेनं 'सत्य धारण करणं' असा अर्थ लावला. पण लॅटिनमध्ये 'क्रेदो' आहे, 'मी विश्वास ठेवतो' या अर्थाचा. आपल्या 'शत'ला तिथे 'केन्तुम' म्हणतात, तसाच श-क चा हा जोड आहे. आणि 'क्रेदो'तल्या 'क्रे'शी नातं जोडलं जातं ते लॅटिन 'कोर' आणि ग्रीक 'कार्दिया' यांचं, दोन्हींचा अर्थ हृदय. म्हणून बरेच भाषाशास्त्रज्ञ श्रद्धा म्हणजे 'हृदय ठेवणं' असं मानतात आणि मीही त्यांच्याच बाजूचा. फ्रेंच पंडित बेनवेनिस्त मात्र हृदय साफ नाकारतो. त्याच्या मते मुळात हा 'तारण' ठेवण्याचा व्यवहार होता, परत मिळेल या खात्रीनं काहीतरी सोपवणं. उसनवारीच्या 'क्रेडिट'ला ते शोभतं. पण ऋग्वेदात दहाव्या मंडलात १५१ वं सूक्त श्रद्धेचं आहे, अवघ्या पाच ऋचांचं, आणि त्याच्या चौथ्या ऋचेत श्रद्धा 'हृदय्यया आकूत्या' मिळते असं म्हटलं आहे, हृदयातल्या इच्छेनं. ऋषीच्या कानाला हे दोन शब्द शेजारी बसलेले ऐकू येत होते, ही साक्ष मला पुरेशी वाटते. परंपरेनं या सूक्ताची ऋषिका मानली आहे ती 'श्रद्धा कामायनी'. कामाच्या, म्हणजे इच्छेच्या, कुळातली श्रद्धा!

याच सूक्तातली दुसरी ऋचा मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही: 'प्रियं श्रद्धे ददतः प्रियं श्रद्धे दिदासतः'. हे श्रद्धे, माझं हे बोलणं देणाऱ्याला प्रिय कर, देऊ इच्छिणाऱ्यालाही प्रिय कर. 'ददत्' म्हणजे देणारा. 'दिदासत्' म्हणजे द्यावंसं वाटणारा, हात रिकामा असला तरी. ऋचेनं दोघांना एका ओळीत, एका मापात बसवलं आहे. 'यांना काही दिलंत का?' असं विचारणारी तुमची आई दुसऱ्या शब्दात बसते. तिला देण्याचे डोहाळे होते. त्या जुन्या, अमरकोशातल्या अर्थानंही ती श्रद्धाळूच होती.

'दानशूर'बद्दल लिहायचं राहिलंच. शब्द चुकीचा नाही, बाईलाही चालतो, तिच्या देत्या वर्षांबद्दल खुशाल लिहा. पण शूराला गाजवायला काहीतरी हाताशी लागतं. शेवटच्या वर्षांबद्दलच्या परिच्छेदात तो घालू नका, तिथे तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहा.