नियम सगळे पाळतोय, तरी देव जवळचा का वाटत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लहानपणापासून चर्चमध्ये वाढलात, रोज पहाटे बायबल वाचन, शुक्रवारी उपास, पगार झाला की दशांश (कमाईचा दहावा भाग चर्चला), सिनेमा नाही, गणपतीत शेजारच्या काकूंनी दिलेला मोदक पण नाही, आणि एवढं करून एक दिवस प्रार्थना चुकली की दिवसभर धडधड, आता काहीतरी वाईट होणार. सगळे सांगतात देवाशी वैयक्तिक नातं पाहिजे, तर ते करायचं कसं आणि त्यासाठी चर्च सोडावं का.

मी पुण्यातलीच, मराठी ख्रिस्ती, मूळ नगरकडचे आम्ही, आता वडगाव शेरीत. तुम्ही वर्णन केलंय तशाच एका संगतीत (चर्चच्या मंडळीत) मी वाढले, नाव सांगत नाही, उगाच कुणाला शोधत बसू नका कमेंटमध्ये. तिथे एक वही असायची. उपासना सुटली की मागच्या बाकावर एक काका ती लांबडी वही उघडून बसायचे, एका बाजूला घरांची नावं आणि पुढे रकाने, हजर, उपास, दशांश, धर्मप्रसाराच्या पत्रिका वाटल्या का. केलं असेल तर निळ्या पेनाने खूण, नसेल तर लाल टिंब. लाल टिंबं जास्त झाली की पाळकसाहेब (चर्चचे पाद्री) घरी यायचे, चहा घ्यायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, आणि निघताना प्रार्थना करायची तेव्हा डोळे मिटून म्हणायचे, प्रभू, या कुटुंबाला पुन्हा पहिल्या प्रीतीकडे आण. झालं! आईचा चेहरा उतरायचा, आणि आमेन तर म्हणावंच लागायचं.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिच्या नावापुढे कायम लाल टिंबं, कारण रविवारी ड्युटी. तिला कुणी टोकलं की म्हणायची, मी कुठे असते ते प्रभूला माहितीये, तुमच्या वहीला माहिती नसेल तर मी काय करू. ही मावशी प्रार्थना कशी करायची तर वॉर्डातून घरी आली, चपला काढल्या, पंख्याखाली पाय लांब करून बसली की सुरू, मोठ्याने, आज सात नंबरची बाई गेली, तिचं लेकरू बाहेर बाकावर झोपलं होतं, तुला दिसलं का ते, आणि दिसलं असेल तर काय केलंस. आम्ही पोरं घाबरायचो, देवाला असं बोलतात का! आमच्या घरी प्रार्थना म्हणजे ‘हे परमपवित्र, सर्वसमर्थ, दयाळू पित्या’ इथून सुरू व्हायची आणि सगळ्या नातेवाइकांची यादी संपली की संपायची.

तर आता माझं मत, पटलं तर घ्या. नियम किती आहेत यावरून काही कळत नाही. नियम मोडल्यावर तुम्ही कुठे पळता यावरून कळतं. तुमची प्रार्थना चुकली आणि तुम्ही दिवसभर देवाचं नाव टाळत फिरलात, रात्री दुप्पट वाचन करून खातं सरळ केलंत आणि मग हायसं वाटलं, तर तुमचा व्यवहार नियमाशी चाललाय, देव त्यात फक्त वसुली अधिकारी आहे. हप्ता थकला की बाउन्स चार्ज लागणार ही जी भीती असते ना, तीच ही धडधड. ती पाप केल्याची बोचणी नाहीये, दोन्हीतला फरक ओळखायला शिका. बोचणीत आपण कुणालातरी दुखावलं हे डोळ्यासमोर असतं, या धडधडीत फक्त ‘आता माझं काय होणार’ एवढंच असतं.

बायबलातलं लूक १५ तुम्हाला पाठ असेल, येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट, धाकटा मुलगा बापाची इस्टेट उधळून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. आपण सगळे संडेस्कूलपासून धाकट्याचं ऐकत आलोय, डुकरं, शेंगा, परत येणं. तुम्ही एकदा थोरल्याचं वाचा, हळू. तो शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो, आत जात नाही, बाप बाहेर येऊन विनवतो तर म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही साधं करडूसुद्धा दिलं नाही. बघा म्हणजे, स्वतःच्या बापाच्या घरात राहून हा माणूस चाकरी म्हणतो! आणि बाप म्हणतो, बाळ, तू तर कायम माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे करडू मिळालं नाही याचं कारण अख्ख्या गोष्टीत कुठेही बापाचा नकार असं नाहीये, त्याने कधी मागितलंच नसावं, हिशोब मात्र मनात चालू ठेवला. मला तर वाटतं आपल्याकडच्या चांगल्या चर्चकुटुंबातली निम्मी पोरं ही थोरली आहेत. आणि येशू ती गोष्ट तिथेच सोडतो, थोरला आत गेला की नाही ते सांगतच नाही.

बरं हे फक्त आपल्याच लोकांचं आहे असं समजू नका, पुण्याला हे दुखणं जुनं आहे. १८९० साली गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) गावातल्या मोठमोठ्या लोकांना व्याख्यानाला बोलावलं आणि शेवटी चहा-बिस्किटं पुढे आली, तिथे रानडे होते, टिळक होते, काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला, आणि नंतर सगळी नावं पेपरात छापून आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून मग बहिष्काराची भाषा, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, चौकशी, प्रायश्चित्त, वर्षानुवर्षं गावात दुसरा विषय नाही. चहावरून! आपण ख्रिस्ती लोक हा किस्सा हसत हसत सांगतो, आणि आपल्यातल्याच एखाद्या मुलीने लग्नात टिकली लावली तर तिला प्रभुभोजन (उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) द्यायचं की नाही यावर आपल्याकडे मीटिंगा होतात. तेव्हा हसू नये फार.

त्याच सुमारास पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, शारदा सदन मुंबईहून १८९० मध्येच इकडे आणलं. त्यांचं आयुष्य तुमच्या प्रश्नाला इतकं लागू पडतं की थोडं लांबवते. लहानपणी आईवडिलांबरोबर देशभर तीर्थयात्रा, पुराणं वाचायची, उपास, स्नानं, दानं, शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं आणि शेवटी दुष्काळात आईवडील डोळ्यासमोर गेले. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आणि तिथल्या मठातल्या सिस्टरांशी (ख्रिस्ती जोगिणींशी) पत्रांतून वाद सुरू, कारण चर्च सांगेल ते सगळं जसंच्या तसं माना हे त्यांना मान्य नव्हतं, त्यांनी स्पष्ट लिहिलंय की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसंच दुसरं घालून घ्यायला मी तयार नाही. पण गंमत पुढे आहे. एवढी बाणेदार बाई, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. हे त्यांनी स्वतः नंतर आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. त्या काळात त्यांच्या हाती एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र आलं होतं, तो पाद्री स्वतः रीतसर नेमलेला, आणि त्याचं मन कधी पालटलं तर त्याच्या स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यात. म्हणजे पुलपिटवर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) उभा माणूस पण बाहेरच असू शकतो.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर त्यानंतर रमाबाई काही मोकाट सुटल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो बायका-मुली आणल्या, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत त्याच कामात होत्या. शिस्त तीच, किंबहुना जास्त. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या इंग्रज पाद्री जॉन वेस्लीचं पण तेच, ऑक्सफर्डला असताना बुधवार-शुक्रवार उपास, तुरुंगात कैद्यांना भेटायला जाणं, सगळं वेळापत्रकाप्रमाणे, म्हणून लोक चिडवून मेथडिस्ट (पद्धतवाले) म्हणायचे, अमेरिकेत मिशनरी म्हणून गेला, हात हलवत परत आला, आणि २४ मे १७३८ ला लंडनच्या एका सभेत धर्मसुधारक ल्यूथरने बायबलातल्या रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं ती ऐकताना त्याचं मन भरून आलं, की माझीसुद्धा पापं घेतली आहेत, माझी. पहाटे उठणं त्याने त्यानंतरही सोडलं नाही. म्हणून म्हणते, नियम टाकले की नातं आपोआप येतं हे खोटं आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने सगळं टाकलं, वाचन, चर्च, उपास, आणि आता त्याच्याकडे नियम पण नाहीत आणि देव पण नाही, फक्त पाळकांवरचा राग आहे आणि तो दर भेटीत ऐकावा लागतो.

अजून एक सावधगिरी. हल्ली नव्या चर्चेसमध्ये, तुम्ही तरुण असाल तर तिकडे जाल म्हणून सांगते, ‘नातं’ हाच नवीन नियम झालाय. गिटार, अंधार, डोळे मिटून हात वर, आणि कुणी रडलं नाही की त्याचं नातं कच्चं. पहाटे पाचला उठून वहीत लिहायचं की देव आज माझ्याशी काय बोलला, आणि देव काहीच बोलला नाही असं लिहायची सोय नाही. ही पण वहीच आहे, फक्त रकाने दिसत नाहीत.

मग करायचं काय, तुम्ही तेच विचारलंय. माझ्या उपयोगाला आलं ते सांगते. बायबलातली स्तोत्रसंहिता काढा आणि छान छान स्तोत्रं, २३ वगैरे, बाजूला ठेवा. १३ वाचा, तिथे दावीद सरळ विचारतो की परमेश्वरा, कुठवर, कायमचा विसरणार आहेस का मला. ८८ वाचा, ते तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया वगैरे काही नाही, आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. म्हणजे देवासमोर असं बोलायला परवानगी आहे. मग स्वतःच्या भाषेत बोला, घरात बोलता त्याच. प्रभूने तुमचा पगार किती, बॉस कसा, कुणावर जळताय हे ऐकावं, ‘सर्वसमर्थ पित्या’ने सुरुवात केलीत तर बोलण्याचं भाषण होतं, निदान माझं तरी व्हायचं. प्रेषित पौल पत्रात गलतीकरांना झापतो ना, दिवस, महिने, सणकाळ पाळत बसलाय म्हणून, त्याच्याच थोडं आधी म्हणतो की पुत्राचा आत्मा आपल्या हृदयात अब्बा, बापा अशी हाक मारतो. हाकेला मजकूर पाठ करावा लागत नाही.

शुक्रवारचा उपास चालू ठेवायचा असेल तर ठेवा, पण बायबलातलं यशया ५८ वाचून ठेवा, तिथे देव उपासाबद्दलच बोलतोय आणि म्हणतो भुकेल्याला तुझ्यातली भाकर दे, जुलमाच्या बेड्या सोड. मावशी नाइट ड्युटीला डबा जास्त न्यायची, पेशंटचे नातेवाईक उपाशी बसलेले असतात म्हणून, तिच्या शुक्रवारपुढे लाल टिंबच होतं. आणि एखाद्या दिवशी वाचन चुकलं तर रात्री भरपाई करू नका, मुद्दाम करू नका. धडधड होईल, होऊ दे, त्या धडधडीसकट देवाला सांगा की आज वाचलं नाही आणि मला तुझी भीती वाटतेय. मला वाटतं पुष्कळांची पहिली खरी प्रार्थना हीच असते. दुसऱ्या दिवशी नेहमीचं वाचन करा.

शेजारच्या काकूंच्या मोदकाबद्दल: पौलाने रोमकरांस १४ आणि पहिले करिंथकरांस ८ मध्ये अन्नावर बरंच लिहिलंय, वाचा आणि स्वतःच्या विवेकाने ठरवा, मी सांगितलं म्हणून खाल्लात तर तो माझा नियम झाला. नाही घ्यायचा तर घेऊ नका, पण काकूंच्या तोंडावर दार लावू नका.

चर्च सोडावं का? लगेच नको. पाळकांना एकदा भेटा, संडेला गर्दीत नाही, मधल्या वारी, आणि जे इथे अनोळखी लोकांना लिहिलंत ते त्यांना सांगा. पुष्कळ पाळक स्वतः याच ओझ्याखाली असतात, आमच्या नंतरच्या पाळकांनी तर मला सांगितलं होतं की मलाही हे कुणीतरी विचारायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं तर थांबा. आणि त्यांनी पुढच्या रविवारी तुमचं बोलणं नाव न घेता प्रवचनात काढलं तर मग खुशाल दुसरी मंडळी बघा, पुण्यात कँपापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत मराठी उपासना होणारी चर्चेस भरपूर आहेत. पहिले काही रविवार जुन्या संगतीतले फोन येतील, आजारी आहात का विचारतील. उचला फोन, खरं सांगा, भांडू नका, आणि आईला हे दुसऱ्याकडून कळायच्या आत तुम्हीच सांगा.