चाकाचे नट आवळताना पाइपवर चढू नका

तुमचे प्रश्न दोन आहेत. स्टेपनी बदलल्यावर नट किती आवळायचे, आणि पान्यात पाइप घालून त्यावर उभं राहणं बरोबर का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजिबात नाही.

हिशेब करून बघा. पाना 25 सेंटीमीटरचा धरला आणि टोकाला 40 किलोचा जोर दिला, की जवळपास 100 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे नट फिरवणारा जोर) होतो. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांना 90 ते 120 च्या आसपासच लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत सापडेल. म्हणजे हाताचा चांगला जोर पुरतो. आता पाइप घालून लांबी दुप्पट केली आणि वर 70 किलोचा माणूस चढला, की आकडा 340 च्या पुढे जातो!

आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच रिम हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) दाबून बसते. प्रमाणाबाहेर ताणलात की बोल्ट कायमचा लांबतो, आटे खराब होतात, आणि वरून काही कळतही नाही. आट्यांना ऑइल-ग्रीस लावू नका म्हणतात तेही याचसाठी. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा, पुरे.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, आणि तेही पाव-अर्धा फेराच. हँडब्रेक ओढा, काढायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, मग जॅक. नवीन चाक चढवण्याआधी हबचा तोंडाकडचा भाग पुसून घ्या. तिथे माती किंवा गंजाचे पापुद्रे राहिले तर ते चालताना दबतात आणि नीट आवळलेले नटही सैल पडतात. नट निमुळती बाजू रिमकडे ठेवून बोटांनीच फिरवा. दोन-तीन फेरे हाताने गेले नाहीत तर आटे तिरके बसताहेत, काढून पुन्हा लावा. मग एक सोडून एक असे आलटूनपालटून आवळा, आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावरच. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर परत एकदा तपासा. हे बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क झाला की वाजणारा पाना) घेणार असाल तर एकदा 'कट्' वाजलं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा वाजवत बसू नका, आणि नट खोलायला तो वापरू नका. पंक्चरवाला एअर गनने आवळत असेल तर शेवटचा जोर हातानेच द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी रस्त्यात नट तुमच्याने हलणार नाही.

पंक्चरबद्दल थोडक्यात. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर उपटू नका. हवा हळू जात असेल तर भरून दुकानापर्यंत जाता येतं. हवा पूर्ण गेली असेल तर मात्र गाडी पुढे रेटू नका, थोड्याच अंतरात टायरची बाजू आतून चिरडते. पट्टी घालून दुरुस्ती होते ती जमिनीला टेकणाऱ्या भागातच. बाजूला छिद्र असेल तर टायर बदलायचा, घासाघीस नको.

आणि स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा (सहसा ताशी 80 किलोमीटर) पाळा. तिला हवाही बहुधा 60 पीएसआय लागते, बाकीच्या चाकांच्या जवळपास दुप्पट.